हात लावून म्हणायचा मंत्र

"दादा, मंत्र वापर."

"थांब गं जरा."

"थांबू काय? समोर तीन वेताळ आहेत, बिपिन अर्धमेला पडलाय, वहिनीची तलवार मोडलीय. आता नाही तर कधी वापरणार?"

"पुढे लागेल," दादा म्हणाला आणि त्याने झोळीतून काठी काढली.

काठी! काजळगडातला सगळ्यांत थोर मांत्रिक, ज्याने नुसता हात वर केला तर डोंगर पेटावा अशी मी स्वतः त्याची घडण केलेली, तो गृहस्थ वेताळाला काठीने बडवायला निघाला होता. मी कपाळावर हात मारून घेतला.

वहिनीने फासे स्वतःकडे ओढले. "राहू दे गं शालू. मी लढते मोडक्या तलवारीने. सवय आहे मला."

बिपिन खो खो हसला. दादाही हसला. मला मात्र हसू येण्यासारखी परिस्थिती नव्हती.

ज्यांनी असला खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. यात पट नसतो, सोंगट्या नसतात. एकजण सूत्रधार, तो गोष्ट सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि आपल्या पात्राने काय केलं ते बोलून सांगतात. जमलं की फसलं ते फासे ठरवतात. आणि फाशांवर अमुक पडलं तर नेमकं काय होतं, कुणाचा किती जीव जातो, कुठला मंत्र कुठवर पोचतो, ते सगळं नियमांत असतं. 'काजळगड' या खेळाचे ते नियम मी लिहीत होते. एरवी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचे. आमची मंडळी दर रविवारी दादाच्या इंदिरानगरच्या फ्लॅटवर, जेवणाच्या टेबलाभोवती जमायची. मी सूत्रधार. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ निरंजन, बँकेत होता. तो मांत्रिक अग्निवर्ण. त्याचा शाळेपासूनचा मित्र बिपिन पोतनीस चोर व्हायचा आणि खेळभर चिवडा खायचा. आणि मृदुला वहिनी योद्धा, तिच्या पात्राचं नाव भैरवी. वहिनी धुळ्याच्या तंत्रनिकेतनात शिकवायची. शनिवारी एसटीने नाशिकला यायची, रविवारी संध्याकाळी एसटीने परत. चार वर्षं हेच चाललं होतं. म्हणून आमचा खेळही तिच्या बसच्या वेळेवर संपायचा.

या असल्या खेळांत मांत्रिक ही कायमची डोकेदुखी असते. योद्धा बिचारा एका वारात एकाला मारतो, मांत्रिक एका शब्दात दहा जणांची राख करतो. मग बाकीच्यांनी काय टाळ्या वाजवायच्या? म्हणून मांत्रिकाला बंधनं घालायची असतात. दिवसाला इतकेच मंत्र, मंत्र म्हटला की थकवा, अमुक अंतरापुढे मंत्र पोचत नाही. घातली मी. पुण्याचे फाटक खेळ छापायला तयार होते, त्यांना नियम पाठवले. त्यांनी आपल्या पोरांना खेळायला बसवलं आणि मला फोन केला.

"शाल्मलीताई, खेळ झकास आहे हो. पण तुमचा मांत्रिक फार माजलाय."

"माजलाय?"

"पहिल्याच लढाईत सगळे मंत्र उडवले पोराने. सगळे राक्षस खलास. बाकीची तिघं मोबाईल बघत बसली. आवरा त्याला."

आणि इकडे आमचा मांत्रिक काठीने मारामारी करत होता! दादा मंत्र वापरीना, म्हणून त्याला मोह पडावा या आशेने मी मंत्रांची ताकद वाढवत नेलेली. ती वाढली की फाटक पुण्याहून ओरडायचे. कमी केली की दादा म्हणायचा, "एवढ्याशा मंत्रात काय होणार? त्यापेक्षा राखून ठेवलेला बरा." वाढवली की म्हणायचा, "एवढा भारी मंत्र इथे कशाला वाया घालवू?" मी पार वैतागून गेले होते. संख्याशास्त्राची एम.एस्सी. मी, हजार वेळा फासे टाकले तर काय होईल ते डोळे मिटून सांगणारी. पण हजार वेळा विचारूनही जो फासा उचलतच नाही त्याचं गणित कसं मांडायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

सगळ्यांत मोठं घोडं अडलं होतं संजीवनाशी. संजीवन हा मांत्रिकाचा शेवटचा मंत्र. अख्ख्या खेळात एकदाच म्हणता येतो आणि मेलेला सोबती परत उठतो. फाटकांना तो अजिबात पसंत नव्हता.

"हा मंत्र खिशात असला की मरणाला कोण भितो? एक तर बंधनं घाला, नाहीतर काढून टाका."

"काढणार नाही," मी म्हटलं.

"मग घाला. आणि प्रत्यक्ष खेळात एकदा तरी वापरून बघा. नुसतं कागदावर बसवलेलं मला नको. या महिनाअखेरीला नियम हातात आले नाहीत तर दिवाळीला पेटी निघत नाही. मग मी दुसरा खेळ घेतो. माझ्याकडे रांग आहे."

म्हणजे बघा. तीन वर्षांची माझी मेहनत, आणि ती अडली होती दादाने एकदा तोंड उघडून एक मंत्र म्हणण्यावर.

बंधनं ठरवायला आम्ही एक अख्खा रविवार घातला. एक बंधन मी घातलं: ज्या फेरीत सोबती मेला त्याच फेरीत मंत्र म्हणायचा. फेरी संपली की मेलेला गेला तो गेलाच. दुसरं बंधन, आश्चर्य म्हणजे, दादाने सुचवलं. नियमांवर बोलायला तो एकदम तरबेज. कुठल्या कलमात कुठली पळवाट आहे ते त्याला बरोब्बर दिसायचं, बँकेतली सवय.

"लांबून म्हणता येता कामा नये," तो बोट वर करून म्हणाला. "मेलेल्याच्या हाताला हात लावूनच म्हणायचा. आणि नुसतं तोंडाने सांगायचं नाही, टेबलावर खरोखर हात धरायचा. लांब बसून मंत्र पुटपुटायला काय जातंय कुणाचं? जवळ जावं लागलं तरच त्याला किंमत."

"अय्या," वहिनी म्हणाली, "जवळ जाण्याची किंमत तुला बरी ठाऊक!"

बिपिनला चिवड्याचा ठसका लागला. मी नियम उतरवून घेतला. चांगलाच होता नियम. फाटकांनासुद्धा आवडला. "आता फक्त वापरून दाखवा," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी खेळ सुरू व्हायच्या आधी मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. वहिनी धुळ्याला न्यायला बाटलीत तिळाची चटणी भरत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "दादाने अर्ज केला का गं बदलीचा?"

दादाच्या बँकेत तेव्हा एक सवलत होती. सगळ्या नोकरीत एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या पसंतीचं गाव मागून घेता यायचं. वहिनीची नोकरी धुळ्यातून हलण्यासारखी नव्हती. दादाने धुळं मागितलं असतं तर त्याला सहज मिळालं असतं. धुळं मागायला कोण रांगेत उभं असतं?

"नाही," वहिनी म्हणाली. "म्हणतो, एकदाच मिळते. उद्या आईंचं काही झालं, आणखी काही निघालं, तर पुढे लागेल."

"आईला काय धाड भरलीय! रोज सकाळी सोमेश्वरपर्यंत चालत जाते ती. मी असते ना तिच्याजवळ."

"तेच म्हटलं मी. जरा गोड शब्दांत."

"थांब, मी झापते त्याला."

वहिनीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "नको शालू. तू झापून त्याने केलं, तर ते तू केलंस. मला ते नकोय." मग म्हणाली, "चहा उतू जातोय बघ."

मी गॅस बारीक केला. खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात त्या दिवशी फक्त संजीवन होतं. आज काय वाटेल ते होवो, पण दादाकडून तो मंत्र म्हणवून घ्यायचा, असा चंग बांधूनच मी आले होते.

डाव मी तसाच रचला होता. काजळगडाच्या पोटात भुयार, भुयाराच्या तोंडावर शिळा. ती शिळा एकाने खांद्यावर तोलून धरायची आणि बाकीच्यांनी खालून पलीकडे जायचं. धरणारा वाचणं जवळजवळ अशक्य. कुणी धरायची ते मी ठरवलं नव्हतं.

"मी धरते," वहिनी लगेच म्हणाली. "तुम्ही निघा."

"अगं, तुझा जीव किती उरलाय बघ तरी," बिपिन म्हणाला.

"भैरवीने कधी बघितलाय? निघा."

बिपिन गेला. दादाचा मांत्रिक गेला, जाताना शिळेखाली पडलेला एक बाणसुद्धा उचलून घेतला त्याने, पुढे लागेल म्हणून. मग वहिनीने फासे टाकले. एक आणि एक. याहून वाईट काही पडूच शकत नाही.

"शिळा सुटली," मी म्हटलं. "भैरवी मेली."

मला, देवा शप्पथ, आनंद झाला होता. एकदाची वेळ आली! फाटकांना पाठवायच्या कागदावर मी 'संजीवन, प्रत्यक्ष वापर' असं लिहिलंसुद्धा. वहिनीने आपला हात टेबलावर ठेवला, दादाच्या समोर, तळवा वर करून.

"दादा, हात लाव आणि म्हण."

दादाने स्वतःचा कागद उचलून डोळ्यांजवळ धरला. "शेवटी काळपुरुष यायचाय ना गं?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे यायचाय. मग तिथे कोणी मेलं तर?"

"तिथलं तिथे. इथे मेलंय ना आत्ता!"

"नाही, पण विचार कर. तिथे बिपिन मेला तर? दोघं एकदम मेले तर? इथे आम्ही दोघं पलीकडे सुखरूप आलोय. भैरवीची तलवार तशीही मोडलेली. मला वाटतं, आपण असं करू या की..."

"निरंजन," वहिनी म्हणाली.

तिचा आवाज चढला नव्हता. पण बिपिनचा चिवड्याच्या वाटीत गेलेला हात तिथेच राहिला.

"मी मेलेय. आत्ता. आणखी कशाची वाट बघतोयस?"

"अगं, मी खेळातलं बोलतोय."

"मी पण."

"पण पुढे खरंच लागला तर?"

"पुढे म्हणजे कधी रे?" वहिनी म्हणाली. "एकदा सांगून टाक. कुठल्या वर्षी, कुठल्या महिन्यात. मी तेवढं थांबेन. थांबतेच आहे. पण पुढे म्हणजे कधी ते तरी सांग."

दादा तिच्या हाताकडे बघत होता. मला वाटलं, आता धरतो. वाटलं काय, मी पेन उचलून तयार बसले होते. पण सवय फार वाईट असते हो. "बघू या," तो म्हणाला. "एवढी फेरी जाऊ दे."

वहिनीने हात मागे घेतला. भैरवीचा कागद घडी करून फाशांच्या डब्याखाली सरकवला आणि उठली. "बिपिन, मला स्टँडवर सोडतोस का?"

"अजून वेळ आहे ना बसला?"

"असू दे."

ती बॅग घेऊन आली तेव्हा दादा दारापर्यंत गेला. "चटणी घेतलीस का?" असं त्याने विचारलं. ती "हो" म्हणाली. बिपिनची स्कूटर खाली सुरू झाल्याचा आवाज आला, आणि मग मी फुटले.

"अरे, काय माणूस आहेस तू! दगड आहेस का?"

"एवढं काय झालं? खेळ आहे ना?"

"खेळ आहे? माझी तीन वर्षं आहेत ती! त्या फाटकांना काय सांगू मी? आमच्या मांत्रिकाला मंत्राची काळजी वाटते म्हणून?"

"हे बघ, नियमात कुठे लिहिलंय की वापरलाच पाहिजे?" दादा म्हणाला. "दाखव. कुठल्या कलमात?"

नव्हतंच लिहिलेलं. हाच तर संताप होता माझा. मंत्राची ताकद मी मोजली होती, अंतर मोजलं होतं, थकवा मोजला होता. पण ज्याच्या हातात तो आहे त्याला तो खर्च करावासा वाटला पाहिजे, याला नियम कुठून आणायचा? असा नियम लिहिताच येत नाही.

"एवढ्या जपून ठेवलेल्या मंत्राचं करणार काय आहेस?" मी ओरडले. "लोणचं घालणार? बरणीत भरून फडताळात ठेवणार? अरे, तुझ्यासाठी शिळा धरून मेली ती! स्वतः म्हणाली, तुम्ही निघा. आणि तू बाण गोळा करत होतास!"

दादा टेबलाकडे वळला. टेबलावरचे कप उचलून मोरीत नेले आणि विसळत बसला. वहिनीचा कप तसाच होता, चहा न प्यायलेला. तो त्याने ओतला नाही. त्यावर झाकणी ठेवली. मी पाय आपटत घरी निघून आले.

आठवडाभर फाटकांचा फोन मी उचलला नाही. शेवटी उचलला तर म्हणाले, "ताई, मंत्र काढून टाका हो. नसेल बसत तर नसेल बसत." मी म्हटलं, सोमवारी सांगते.

रविवारी वहिनी आली नाही. "पेपर तपासायचेत," असं तिने मला फोनवर सांगितलं. चार वर्षांत तिने कधी रविवार बुडवला नव्हता. तापात यायची, संप असला तर जीपने यायची. मला वाटलं दादाने खेळ रद्द केला असेल. पण गेले तर टेबल मांडलेलं, फासे ठेवलेले, बिपिन चिवड्यासकट हजर. वहिनीच्या खुर्चीसमोर भैरवीचा कागद उलगडून ठेवला होता.

"सुरू कर," दादा म्हणाला.

"काय सुरू कर? योद्धा कुठेय?"

"मी मंत्र वापरतो."

मी त्याच्याकडे बघत राहिले. "कुठला?"

"संजीवन. भैरवीवर."

इतके महिने जे ऐकायला मी तडफडत होते, ते अखेर ऐकू आलं. आणि नेमकं तेव्हाच त्याला अडवणं माझ्या जिवावर आलं. पण मी सूत्रधार होते. नियम सगळ्यांना सारखा.

"हात लावावा लागतो, दादा."

"काय?"

"मेलेल्याच्या हाताला हात लावून म्हणायचा. टेबलावर, खरोखर. तूच घातलेलं बंधन आहे."

दादाचा हात टेबलावर अर्ध्यात आलेला होता. तो तिथेच थांबला. समोर रिकामी खुर्ची. त्याने खुर्चीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं, मग पुन्हा खुर्चीकडे. बिपिन कधी नव्हे तो चिवडा खायचा थांबला होता. मला वाटलं दादा आता पळवाट काढेल, म्हणेल कागदाला हात लावला तर चालेल का. नाही म्हणाला तसं.

मग म्हणाला, "शालू, आणि ती फेरी?"

"कुठली फेरी?"

"ती मेली ती फेरी. त्याच फेरीत म्हणायचा ना मंत्र? मागच्या रविवारी मृदुला मध्येच उठली. फेरी संपली असं तू म्हणाली नव्हतीस. म्हणाली होतीस का?"

मी आठवून पाहिलं. "नाही."

"मग ती अजून चालू आहे."

"तांत्रिकदृष्ट्या..." मी म्हटलं.

"चालू आहे की नाही?"

"चालू आहे."

दादा उठला. चपला घालताना त्याचा डाव्या-उजव्याचा घोळ होत होता. "बिपिन, गाडी काढ. धुळ्याची बस सापडते का बघू."

"आत्ता? अरे, पण उद्या बँक?" बिपिन म्हणाला.

"राहू दे बँक," दादा म्हणाला. माझ्या भावाच्या तोंडून हे वाक्य मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.

मी तिथेच बसून राहिले. बिपिन त्याला बसवून परत आला. त्याच्याशी धड बोलवेना आणि घरीही जाववेना. दिवेलागणीला माझा फोन वाजला. वहिनी.

"शालू," ती म्हणाली. आवाज अगदी हळू. "तुझा भाऊ माझ्या दारात उभा आहे."

"हो का?"

"हात पुढे करून उभा आहे गं. समोरच्या बिऱ्हाडातली माणसं बघतायत. काहीतरी मंत्र म्हणतोय. म्हणतो, फेरी संपलेली नाही. खरं का हे?"

"खरं आहे. मी संपली म्हटलेलं नाही."

"आणि म्हणतो, उद्या बँकेत फोन करून बदलीचा अर्ज टाकतो."

मग तिने विचारलं, "तुझ्या नियमात काय आहे? त्याने मंत्र म्हटला की मी उठायचंच का?"

मी समोरच्या कागदांकडे पाहिलं. संजीवनावर दीड पान होतं. अंतर, फेरी, थकवा, सगळं. यावर एक ओळ नव्हती. मेलेल्याला विचारायचं, हे आमच्या तिघांच्या काय, पुण्याच्या त्या हुशार पोरांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"तसं काही लिहिलेलं नाही," मी म्हटलं. "मेलेली तू आहेस, वहिनी. तू ठरव."

मग तिने फोन जरा बाजूला धरला असावा, कारण पुढचं ती माझ्याशी बोलली नाही.

"बघू या पुढे," ती दादाला म्हणाली. "आत ये आधी. दार उघडं राहिलं की डास येतात."

सोमवारी मी फाटकांना नियम कळवला. मंत्र लागला की नाही, हे मेलेल्या सोबत्याने ठरवायचं.

"हा काय नियम झाला?" फाटक म्हणाले. "फासे नाहीत, आकडा नाही. यात गणित कुठेय ताई?"

"नाहीये."

"मग समतोल कसा साधणार?"

"राखून ठेवला तरी पुढे लागेलच याची खात्री नाही, तेव्हा मांत्रिक आता मंत्र म्हणायच्या आधी दहादा विचार करणार नाही. आणि म्हटल्यावर उड्याही मारणार नाही."

"प्रत्यक्ष वापरून बघितलात?"

"बघतेय," मी म्हटलं. "अजून निकाल लागायचाय."

त्यांनी कुरकुर करत छापला. आज इतक्या वर्षांनीही सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच नियमाबद्दल येतात. संजीवन अर्धवट आहे, लेखिका विसरली, हे गणितात बसत नाही. मी उत्तर देत नाही कुणाला.

दादाची बदली पावसाळ्यानंतर झाली. मंत्र लागला की नाही, ते वहिनीने तोवर त्याला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. तो शनिवारी एसटीने धुळ्याला जायचा, रविवारी संध्याकाळी एसटीने परत यायचा, आणि मला फोन करून म्हणायचा, "काय बस आहे गं ही! कंबर मोडते." मी म्हणायचे, "हो का? वहिनी कधी बोलली नाही तसं."

त्याचं सामान धुळ्याला पोचलं त्या रविवारी बिपिन आणि मीही गेलो. टेबल अजून लागलं नव्हतं. खोक्यांच्या मध्ये सतरंजी टाकून बसलो. मी फासे काढले आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू केली: भुयार, पडलेली शिळा, शिळेखाली भैरवी. अलीकडे ती, पलीकडे मांत्रिक.

दादा सतरंजीवरून सरकत तिच्याजवळ गेला आणि तिचा हात धरला. मंत्र म्हटला. मीच लिहिलेला मंत्र, तीन ओळींचा, त्यातली मधली ओळ तो विसरला. कुणी त्याला टोकलं नाही.

आम्ही सगळे वहिनीकडे बघत होतो. तिने एकदा खोक्यांकडे बघितलं, कोपऱ्यात सुतळीने बांधून उभ्या केलेल्या त्याच्या गादीकडे बघितलं. मग त्याच्याकडे.

"लागला," ती म्हणाली.